डोळे बसवण्याचं काम

आमच्याकडं माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवायचं, तळहातावर इष्टलिंग ठेवायचं, गळ्यात हार घालायचे आणि स्वामी येईपर्यंत, गावोगावचे पाहुणे जमेपर्यंत भजन चालू ठेवायचं. जमिनीत ठेवतानाही बसलेलंच ठेवतात. आम्हा लिंगायतांच्या घरात हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यामुळं मेलेलं माणूस म्हटलं की माझ्यापुढं आडवं पडलेलं कुणी येत नाही. भिंतीला टेकून, मान जराशी कलती ठेवून, काहीतरी ऐकत बसल्यासारखं माणूस येतं. आणि त्याच्यासमोर कॅमेऱ्याच्या स्टँडमागं वाकलेले माझे अप्पा येतात.

जळकोटात बसस्टँडच्या रस्त्यावर अप्पांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्या आणि त्यामागं उघडं अंगण. अप्पा, आई, थोरली अक्का आणि मी, एवढे आम्ही तिथं राहायचो. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. कर्नाटक जवळ असल्यानं आमच्याकडच्या पुष्कळ घरांत तो शब्द आहे. स्टुडिओ आणि घर ह्यांच्यामध्ये फक्त एक जाड निळा पडदा होता. गिऱ्हाईक लाकडी स्टुलावर हनुवटी वर करून बसलेलं असायचं आणि पडद्याआडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटत असायचा, एसटीच्या कंडक्टरची घंटा ऐकू यायची. अव्वानं येसराची आमटी केली की तिचा वास पडद्यात थांबत नसे. एकदा सोयरिकीसाठी फोटो काढायला आलेल्या मुलीचा बाप म्हणाला होता, "मालक, पोरगी हसंना, पण वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलंय, तेवढ्यात काढा." अव्वानं पडद्यामागून ते ऐकलं आणि मुलीला भाकरी-आमटी खाऊ घालूनच पाठवलं. असं आमचं घर होतं. पैसा बेताचा होता, पण उदास म्हणता येणार नाही.

कुणी गेलं की त्या घरचा माणूस मोटारसायकल दारात लावून नुसतं "अप्पा, चला" म्हणायचा. त्याच्या आवाजावरून अप्पांना कळायचं. ते बॅग उचलायचे आणि मी फ्लॅशची छत्री घेऊन मागं बसायचो. तिथं पोचल्यावर अप्पा आधी पाया पडायचे आणि मग कामाला लागायचे. मान सरळ राहावी म्हणून मागं पट्टी बांधलेली असते, ती दिसू नये म्हणून फेटा किंवा पदर सारखा करायचा. मग घरची माणसं दोन्ही बाजूंना बसवायची. रडणाऱ्याला थोडा वेळ द्यायचा. एकदा हाळी गावाच्या वाटेवरच्या एका खेड्यात अप्पा सवयीनं म्हणून गेले, "कुणी हलू नका." गेलेल्या म्हाताऱ्याची बहीण बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "एकजण तर हलत न्हाई बाबा, बाकीच्यायला सांग." सगळं घर हसलं आणि अप्पांनी तेवढ्यात बटण दाबलं. त्या फोटोत मधला माणूस मेलेला आहे आणि भोवतालची माणसं हसत आहेत. त्या घरात तो अजून असेल.

ह्या फोटोवरूनच पुढं भिंतीवर लावायचा मोठा फोटो करायचा असे, कारण जुन्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, हयातीतले फोटो नसतच. अडचण डोळ्यांची होती. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कुणाला नको असायचा. पूर्वी अप्पा उदगीरच्या एका पेंटरकडं प्रिंट पाठवायचे. तो ब्रशनं डोळे काढून द्यायचा. पण त्याला एकाच तऱ्हेचे डोळे यायचे, मोठे आणि दचकलेले, त्यामुळं आमच्या पंचक्रोशीतली सगळी मेलेली माणसं कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी दिसायची. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी आलो त्या सुमारास अप्पांनी जुना संगणक घेतला, डिजिटल कॅमेरा घेतला, आणि मी उदगीरला क्लास लावून फोटोचं काम शिकलो. एका संध्याकाळी अप्पांनी एका म्हाताऱ्याचा फोटो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बसू, डोळे बसवून बघ." घरात मला बसू म्हणायचे.

मला ते जमलं. एका माणसाचे डोळे कापून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवायचे, पापणीची कड विरघळवायची, कातडीचा रंग जुळवायचा, भुवईची सावली द्यायची. पुरुषांचं सोपं होतं. मुलाचा नाहीतर भावाचा फोटो काढायचा आणि त्याचे डोळे घ्यायचे. म्हाताऱ्या बायकांचं जमत नव्हतं. लेकीचे डोळे घेतले तर चेहरा म्हातारा आणि नजर तरुण, असं काहीतरी भीतीदायक दिसायचं. सुना फोटोला उभ्या राहायला लाजायच्या. गिऱ्हाईक प्रिंट हातात घेऊन बघायचं आणि म्हणायचं, "आमची माय अशी न्हवती बघायची." अप्पा त्यांना समजावून पाठवायचे आणि नंतर माझ्याकडं नुसते बघायचे.

एके दिवशी अव्वा अंगणात पाटावर बसून अंबाडीची पानं खुडत होती. उन्हं कलली होती, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत तिच्या तोंडावर येत होता. सावली कुठंच नव्हती. असा उजेड स्टुडिओत दिवे लावूनही मिळत नाही. मी कॅमेरा घेऊन दारात उभा राहिलो.

"अव्वा, जरा इकडं बघ."

"कामून? काय करून राहिलास?"

"कॅमेरा तपासून राहिलो."

"माझ्यावर कशाला तपासतोस? त्या गाढवाचा काढ." बाहेर कुंभाराचं गाढव उभं होतं. ती हसली आणि मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं. पोरगं काय म्हणतंय ते ऐकायला आई जशी बघते तसं. मी बटण दाबलं. "झालं?" "झालं." ती परत पानं खुडायला लागली.

त्या वेळी मी खरोखर कॅमेरा तपासत होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. ती मान वर करत असतानाच मला कळलं होतं की हे डोळे कुठंही बसतील.

आणि ते बसले. अव्वाचे डोळे जरा फिकट तपकिरी होते, डावी पापणी किंचित खाली उतरलेली. लहानपणी खळ्यावर जोंधळ्याचं कूस डोळ्यात गेलेलं, त्याचा एक बारीक तांबूस ठिपका उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात कायमचा राहिला होता. मी तो पुसू शकलो असतो. एका क्षणाचं काम होतं. मी तो ठेवला, कारण ठिपक्यामुळं डोळा जिवंत वाटत होता. पहिला फोटो न्यायला आलेला माणूस काउंटरवरच रडायला लागला. "हाव, अशीच बघायची माय. अगदी अशीच." अप्पांनी प्रिंट उजेडात धरून बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चालतंय." त्यांनी ते डोळे ओळखले होते. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. त्या दिवशी पडद्यामागं जाऊन आम्ही तिच्या हातची भाकरी खाल्ली.

त्यानंतर किती फोटो केले ते मला सांगता येत नाही. जळकोट, उदगीर, इकडं मुखेडपर्यंतची माणसं यायची. मला त्या दिवसांत काही वाटत होतं का, हे मी आठवून बघतो आणि काहीच सापडत नाही. एका हातात सुशील्याची बशी असायची, दुसऱ्या हातानं मी कुणाच्या तरी मेलेल्या आईच्या पापण्या पुसत असायचो. मुरमुऱ्याचा दाणा कीबोर्डात पडला की चिडायचो. तेवढंच आठवतं. आता नांदेडला माझं छोटं फोटोचं दुकान आहे आणि पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसालाही मी बटण दाबायच्या आधी विचारतो, काढू का? लोक हसतात. "मंग काय चहा प्यायला आलो का?" एकानं विचारलं. मी त्याला काही सांगितलं नाही. हे सांगण्यासारखं नाहीच, लिहिता येतं एवढंच.

उदगीरला महालिंगअप्पा म्हणून आमचे लांबचे नातेवाईक होते. आडत दुकान, मोठं घर, गावात मान. त्यांची बायको शिवकांताबाई वारली तेव्हा फोटो आम्हीच काढला होता आणि डोळे मी बसवले होते. तिच्या वर्षाच्या कार्यक्रमाला अव्वा एकटीच गेली. अप्पांना एका लग्नाचं काम होतं. संध्याकाळच्या एसटीनं ती परत आली ती सरळ अंगणात जाऊन पाटावर बसली. चूल पेटवली नाही. मी पाण्याचा तांब्या नेला, तो तिनं घेतला नाही.

"बसू, शिवकांताच्या फोटोत डोळे कुणाचे हायत रे?"

मी तांब्या पाटाशेजारी ठेवला.

"उजव्या डोळ्यात ठिपका हाय. तिच्या डोळ्यात ठिपका न्हवता." तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाया एकेक करून फूल वाहू लागल्या. मलाबी वाहायला लावलं. मी वाहिलं. मीच माझ्यापुढं. वर मान करते तर मी."

अप्पा पडदा सारून आत आले होते. "अगं, कामाची रीत असती ती," ते म्हणाले. "डोळे काय झिजले का तुझे?"

"तुमाला ठावं होतं?"

अप्पा हातातली लेन्स पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

"किती घरात?" तिनं मला विचारलं.

"लई."

"मी जिती हाय ना रे? मी जिती असताना माझ्यापुढं उदबत्त्या लावून राहिलेत लोक. कुणाच्या माजघरात, कुणाच्या निजायच्या खोलीत. मी कुठं कुठं बघत बसलेय?" मग म्हणाली, "विचारलं कामून न्हाईस?"

"तू न्हाई म्हणली असतीस."

"मंग?"

मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मला वाटत आलं होतं की न विचारल्यानं उत्तर नसल्यासारखं होतं.

त्या दिवशी आमच्या घरात भाकरी झाली नाही. अप्पा बाहेरून भजी घेऊन आले, ती कागदात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा विभूती लावून, डोक्यावर पदर घेऊन स्टुडिओत आली. गिऱ्हाईक नसतानाही ती सहसा पडद्याच्या अलीकडं येत नसे. "शिवकांताचा दुसरा फोटो कर," ती म्हणाली. "डोळे मिटलेला. आपण जाऊन बदलून आणू. आधी उदगीरचा, मंग एकेक करून सगळे. मी सांगते लोकांना, तू नुसतं संगं ये." अप्पा म्हणाले, "धंदा बसंल." ती म्हणाली, "बसू द्या."

मी मूळ फोटो काढून तसाच मोठा केला. शिवकांताबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, ओठ जरा घट्ट. वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो काखेत धरला आणि आम्ही एसटीत बसलो. अव्वा खिडकीशी होती. तिनं सगळी वाट बाहेर बघितलं. सोयाबीन कापून झालेली रानं होती, मध्येच तुरीचे पट्टे. तिकीट फाडताना कंडक्टरनं तिला ओळखलं आणि म्हणाला, "मावशे, काल तर उदगीरहून आलात की." ती म्हणाली, "हाव. एक काम राहिलं."

महालिंगअप्पा दुकान मुलावर सोपवून घरीच असायचे. उंच माणूस, पण आता वाकलेला. "या वैनी," ते म्हणाले. "काय इसरलं का?"

"इसरलं न्हाई अण्णा. बोलायचं होतं."

पण त्यांनी तिला बोलू दिलं नाही. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. सुनेला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितलं आणि आम्हाला हाताला धरल्यासारखं आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या पलंगाच्या बरोबर समोर तो फोटो होता, ताजा हार घातलेला. निजल्यावर डोळे उघडले की तोच दिसेल असा लावलेला.

"ह्या पोराचे लई उपकार हायत वैनी," ते म्हणाले. "कुणाला सांगत न्हाई, पण तुम्ही घरच्या हाव. मी तिला चांगलं वागवलं न्हाई. हात उचलायचो. जेवताना मीठ कमी पडलं तरी. उभ्या जन्मात तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं न्हाई. ताट ठेवायची, जायची. मला वाटायचं मर्यादा पाळते." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं नाक पुसलं. "आता बघते. कशी बघते बघा. राग न्हाई, काही न्हाई. मी रोज सकाळी उठून तिच्या पाया पडतो, माफ कर म्हणतो. अन् ती अशी बघते म्हंजी तिनं केलंय, असं मला वाटतं. एवढ्यावर मी जगून राहिलो."

सून चहा घेऊन आली, ठेवून गेली. कपाला कुणी हात लावला नाही. मी फोटोकडं बघत नव्हतो. फरशीकडं बघत होतो. मला अजून ती फरशी आठवते, शहाबादी, एका कोपऱ्यात तेलाचा डाग.

"अण्णा," अव्वा म्हणाली, "ते डोळे शिवकांताचे न्हाईत. माझे हायत. ह्या पोरानं मला न विचारता लावलेत."

महालिंगअप्पांनी फोटोकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग परत फोटोकडं. अव्वानं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. परक्या पुरुषापुढं तिनं तो सगळ्या आयुष्यात ओढलाच असेल, पण त्या वेळी मला ते बघवलं नाही. एवढे दिवस ह्या खोलीत तिला पदर नव्हता.

"मंग मी इतके दिवस कुणाला..." ते म्हणाले.

मी वर्तमानपत्र सोडून दुसरा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवून बघितला. मिटलेले डोळे, घट्ट ओठ. "ही तर तशीच हाय," ते हळू म्हणाले. "होती तशीच." आणि त्यांनी तो मला परत केला. "हा नगं."

"हाच तिचा हाय अण्णा."

"असू द्या. वैनी, माझी काही तक्रार न्हाई. कुणाचेबी डोळे असू द्या."

"माझी हाय," अव्वा म्हणाली.

त्यांनी हात जोडले. आडतीवर शंभर माणसांना दरडावणारा माणूस माझ्या आईपुढं हात जोडून उभा होता, आणि त्याच्या पाठीमागं, हाराच्या वर, माझीच आई त्याच्याकडं बघत होती, राग नाही, काही नाही. "एवढं राहू द्या," ते म्हणाले. "मी गेलो की न्या." अव्वा वळली आणि बाहेर पडली. मी तिच्या मागून गेलो. फोटो भिंतीवरच राहिला.

उदगीरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. शेजारी एक बाई पोराला केळ सोलून देत होती. मला वाटलं अव्वा रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"त्यानं मला रोज माफी मागितली," ती म्हणाली. "अन् मी रोज दिली म्हणं. मला काय अधिकार हाय रे द्यायचा? मार तिनं खाल्ला." मग म्हणाली, "शिवकांताला त्याच्याकडं बघायचं न्हवतं. म्हणून ती बघितली न्हाई. तेवढंच तिच्या हातात होतं. मेल्यावर तू तिला बघायला लावलंस."

तोपर्यंत मला वाटत होतं की मी एका बाईचा गुन्हेगार आहे. शिवकांताबाईंच्या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. त्या मेलेल्या होत्या. त्यांना विचारायचं काय? पण त्यांनी उत्तर दिलेलं होतं, उभा जन्म, रोज ताट ठेवताना. ते घरातल्या सगळ्यांनी बघितलं होतं. मिटलेले डोळे घेऊन त्या माझ्यापुढं आल्या तेव्हा मी काम म्हणून ते पुसून टाकलं.

दुसऱ्या कुठल्याही घरी अव्वा गेली नाही. "अजून काय काय ऐकू?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली आणि संगणकातला तो अंगणातला फोटो मला पुसायला लावला. मी तो स्क्रीनवर मोठा केला. ती मान वर करून बघत होती, हसण्याच्या बेतात, मांडीत अंबाडीची पानं. "चांगला आला होता," ती म्हणाली. मी पुसला. मग त्यातून कापून घेतलेली डोळ्यांची सगळी चित्रं पुसली. डोळे बसवण्याचं काम मी बंद केलं. अप्पा माझ्याशी पुष्कळ दिवस बोलले नाहीत. गिऱ्हाईक उदगीरला जायला लागलं. पुढं अप्पा गेले, स्टुडिओ गेला, मी बायकोला आणि अव्वाला घेऊन नांदेडला आलो.

अव्वा माझ्यावर रागावली होती का? नाही, असंच म्हणावं लागेल. वाढायची, बोलायची, माझी पोरं तिनं वाढवली. पण माझ्या हातात कॅमेरा दिसला की पदर तोंडावर यायचा. पुढं मोबाइल आले तेव्हा मोबाइललाही. नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोत ती सगळीकडं पाठमोरी आहे, नाहीतर नुसता हात आहे. फोटोग्राफरच्या घरात घरच्यांचे फोटो तसेही नसतात. पूर्वी रीळ गिऱ्हाइकासाठी असायचं. तिच्या लग्नातला एक फोटो आहे, त्यात नवरी मुलीनं बघावं तसं ती खाली बघते आहे. आधार कार्डावरचाही आहे. त्यात ती माझी आई आहे हे मला नाव वाचून कळतं.

ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. वाटी खाली ठेवून मी विचारलं, "अव्वा, नंतर, बसवल्यावर, तुझा फोटो काढू का?"

तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. ठिपका तसाच होता. "न्हाई," ती म्हणाली. मग माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "विचारलंस म्हणून सांगितलं. पेज आळणी झालीय, मीठ घाल."

ती गेल्यावर आम्ही तिला बसवलं. हदगावहून अक्का आली, जावई आले, भाचे आले. भाच्यांनी खिशातून मोबाइल काढले तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, फोटो काढायचे नाहीत. त्यांना वाटलं मामाचं डोकं फिरलंय. अक्का माझ्या अंगावर धावून आली. "आख्ख्या जिल्ह्याच्या मायांचे फोटो काढलेस अन् आपल्या मायचा एक न्हाई? माझ्या भिंतीला मी काय लावू रे?" मी म्हणालो, "ती न्हाई म्हणली." "कधी म्हणली? कुणापुढं?" माझ्याजवळ पुरावा नव्हता. भजन थांबलं होतं, सगळे आमच्याकडं बघत होते. मी अव्वाच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहिलो, स्वामी येईपर्यंत. बसलो नाही. त्या वेळी मला दुःख झालं असेल. मला पाय दुखल्याचं आठवतं. अक्का अजून माझ्याकडं येत नाही. तिच्या भिंतीवर अप्पांचा फोटो आहे आणि शेजारी रिकामी जागा.

मागच्या दिवाळीनंतर एका लग्नाच्या कामासाठी उदगीरला गेलो होतो. महालिंगअप्पांच्या घरावरून वाट होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी गेलो की न्या, असं ते म्हणाले होते, पण न्यायला आम्ही कुणी गेलो नव्हतो. त्यांची सून ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं ओळखलं. "बसूदादा ना? या की आत. अव्वा गेल्याचं कळलं, यायला जमलं न्हाई. या, चहा टाकते." दार उघडं होतं. पुढची खोली, तिच्यापलीकडं ती आतली खोली, आणि तिच्या भिंतीवर, उजेड पडला होता तिथं, फ्रेमची काच चमकत होती. एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं. चार पावलं आत गेलो असतो तर दिसलं असतं. अव्वाचे डोळे आता तिथंच आहेत, आणखी कुठल्या कुठल्या घरांत आहेत, आणि माझ्याकडं नाहीत.

"इथंच बरं वाटतं," मी म्हणालो.

तिनं ओट्यावर सतरंजी टाकली. मी दाराकडं पाठ करून बसलो आणि रस्त्याकडं बघत चहा प्यायलो.